पाटीला घातलेला हार

सगळ्यात आधी नाव घ्यायचं तर अक्काचं घेतो. हिराबाई, माझी थोरली बहीण, हिंजवडीजवळ चांद्याला दिलेली. आईवडिलांनी जन्म दिला, गुरुजींनी विद्या दिली, ते सगळं खरं, पण मी आज तुमच्यासमोर बसून बोलतोय तो अक्कामुळे, हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहा. अक्का चौथीपर्यंत शिकली. हुशार होती, लई हुशार, पण माझा जन्म झाला, आई भातलावणीला जायची, मला बघायला घरात कोण? मग अक्काची शाळा सुटली. आणि पुढे घरातला पहिला पदवीधर मी झालो, बी.ए., निकालाच्या दिवशी वडील म्हणाले, दत्तानं नाव काढलं, आणि अक्का नुसती हसली.

आमचं गाव मुळशी धरणाच्या अंगाला. भात, थोडी नाचणी, दोन म्हशी. मला लहानपणापासून एकच वेड, अक्षराचं. म्हणजे वाचायचं नाही हां, काढायचं. काय सांगू तुम्हाला, ‘ळ’ मनासारखा वळला की मला जेवण नको वाटायचं. कॉलेजच्या सुट्टीत पिरंगुटला एका पेंटरच्या हाताखाली राहिलो. त्यांनी सुतळीला निळीची पूड लावून भिंतीवर रेघ मारायला शिकवलं, ब्रश धुवायला शिकवलं, आणि एक गोष्ट घोटून घेतली, पेंटरनं मजकूर वाचायचा नाही, जागा बघायची. अर्थाकडं मन गेलं की हात अडखळतो. दोन अक्षरांमधली मोकळी जागा बघ, म्हणायचे, बाकी गिऱ्हाईक बघंल.

तेव्हा नुकतं सगळं बदलायला लागलं होतं. शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या यायच्या, माणसं उतरून डोंगर बघायची, पाणी बघायची आणि विचारायची, विकणार का? आमच्याच गावचे तात्या म्हणून एक गृहस्थ होते, ते हे व्यवहार जुळवायचे. पाट्यांचं सगळं काम माझ्याकडे. प्लॉट विकणे आहे, रस्ता फार्महाऊसकडे, असलंच. मी घरी अंगणात पत्रा रंगवायचो, तात्यांची माणसं नेऊन ठोकायची. कुठं ठोकायची ते मी कधी विचारलं नाही. पण सणासुदीला सायकल काढून माझ्या पाट्या बघत हिंडायचो. उन्हात कशा दिसतात, लांबून वाचता येतात का. आई म्हणायची, ह्येला बायको नगं, पत्रा द्या.

असाच एका दसऱ्याला निघालो. दसऱ्याला आमच्याकडे ज्यानं त्यानं आपापल्या हत्यारांची पूजा करायची, विळा, कोयता, नांगर, दुकानदार वजनकाट्याला फूल वाहतो, जीपवाले जीपला हार घालतात. धरणाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वस्ती आहे, तिकडं माझी एक पाटी लागलीय एवढं कानावर होतं. जाऊन बघतो तर पाटीला झेंडूचा हार! हळदीकुंकू लावलेलं, खाली नारळ फोडलेला, आणि वस्तीतली माणसं, पोरंसोरं गोळा झालेली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या अक्षराला हार घातला होता.

ठकूबाई म्हणून वस्तीतली म्हातारी, तिनं मला ओळखलं. म्हणाली, ये रं पेंटर, तूच लिवली ना आमच्या वस्तीची पाटी? आमच्या गावाला कंदी पाटी नव्हती बघ. आता येस्टीवाल्याला बी कळंल हितं मानसं राहत्यात. वाच की जरा, पोरान्ला ऐकू दे.

आणि मी मोठ्यानं वाचलं. ही जागा खाजगी मालकीची आहे. परवानगीशिवाय आत येऊ नये. आदेशावरून.

काय सांगू तुम्हाला, ती पाटी अंगणात रंगवून मला महिना झाला असेल, ‘परवानगी’मधला ‘प’ तीनदा पुसून काढला होता मी, पण त्या ओळीचा अर्थ मला त्या दिवशी तिथं उभा राहून कळला. पाटीच्या मागं वस्तीची वाट होती, पाण्यावर जायची, मासे धरायची, सरपण आणायची. दोन्ही अंगांना तारेचे खांब पुरून झाले होते, मधे तार ओढायची तेवढी राहिली होती.

एक तरणा गडी पुढं झाला, हार तोडायला लागला, तर ठकूबाई म्हणाली, ऱ्हाऊ दे रं, फुलं आपली हायेत. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं आता शिव्या बसणार. तर म्हणाली, अक्षर झ्याक हाय तुजं. आमच्या पोरान्ला शिकव की. फुडची पाटी लागंल तवा नारळ तरी वाचंल आमचा.

सगळे हसले. हसले हो! मला हसू येईना.

त्याच आठवड्यात तात्यांनी बोलावलं. पौडला ऑफिस काढतोय म्हणाले, तू पदवीधर, बोलतोस चांगला, अक्षर देवानं दिलेलं, माझ्याबरोबर भागीत ये. जाहिरात, पाट्या, नकाशे सगळं तुझं. आवडीचं काम हाय, वर खुर्ची हाय, आनि काय पायजे? मी म्हटलं, तात्या, वरच्या वस्तीत वस्तीशाळा निघतेय, स्वयंसेवक शिक्षक पाहिजे म्हणतात. तात्या हसायला लागले. मानधनात साबन तरी येतो का रं? बी.ए. होऊन खडू खानार?

मला झोप लागेना. म्हणून चांद्याला गेलो. अक्काच्या सासरच्यांनी थोडी जमीन काढून टाकली होती, उरलेल्या जागेत खोल्या बांधायला काढल्या होत्या, हिंजवडीच्या पोरांना भाड्यानं द्यायला. अक्का विटांवर पाणी मारत होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, अक्का, अक्षर हा माझा जीव आहे, पोरं शिकवायची मला काडीची आवड नाही. ती म्हणाली, आवड मला बी व्हती की शाळेची. पर तू शिकावास ह्ये मला हवं व्हतं. आवड आपल्याला सुख देती, दत्ता. दुसऱ्याचं अडलेलं काय हाय, आनि त्यातलं आपल्याला काय येतंय, ते निराळं. ते सापडलं की मान्सानं मागं बघू न्हाई. मी म्हटलं, तुला शाळेची रुखरुख नाही वाटली? तर पाइप माझ्याकडं फिरवला आणि म्हणाली, लई वाटली, गाढवा. म्हनून तर सांगतीया.

मी तात्यांना नाही म्हणून आलो आणि वस्तीवर गेलो. खरं सांगतो, पहिलं वर्षभर मला शिकवणं आवडलं नाही. पोरं पळून जायची, खेकडे धरायला जायची, माझ्या सुंदर ‘अ’कडं ढुंकून बघायची नाहीत. पेंटिंग करताना दिवस कसा जायचा कळायचं नाही, इथं तास जाता जाईना. पण सकाळी उठून जायचं का नाही हा प्रश्न कधी पडला नाही. आवडीच्या कामाला मी कितीदा दांडी मारली असेल, मूड नाही म्हणून. वस्तीवर मात्र पावसात, ताप अंगात घेऊन गेलो. वाटेसाठी ठकूबाई आणि मी तहसील कचेरीत खेटे घातले, अर्ज मी लिहिले, भांडण तिनं केलं, आणि वाट मोकळी झाली. गोडी मागाहून लागली, पहिल्या पोरानं एस.टी.चा बोर्ड वाचून दाखवला तेव्हा.

पुढे फ्लेक्स आले. ब्रशवाल्या पेंटरांची कामं गेली, पिरंगुटच्या माझ्या उस्तादांनी पानाची टपरी टाकली. मला वाईट वाटलं, पण मी मोडलो नाही. आजही लग्नसराईत कुणी बोलावलं तर भिंतीवर वधूवरांची नावं काढतो, मन भरून काढतो. आवड सोडली नाही मी, तिला फक्त घरातला मालक होऊ दिलं नाही.

आता दोन हजार दहा. नोकरी कायम होईल म्हणतात, होईल तेव्हा होईल. मी समाधानी आहे. तुम्ही विचारलंत, अक्काचे उपकार फेडले का? परवाच तिला पत्र टाकलंय. फोन आहे तिच्याकडे, पण फोनवर ती मधेच बोलते. नक्कल ठेवलीय माझ्याकडे, हे ऐका.

ती. सौ. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. अक्षर मोठं काढलं आहे. भाऊजींना वाचायला लावू नकोस, तूच वाच.

ठकूबाईची नात रंगू सातवी पास झाली. आठवीची शाळा इथून लांब आहे. जूनमध्ये नाव घातलं नाही तर दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाईल आणि परत शाळेत येणार नाही. तुमच्याकडची शाळा चालत जाण्यासारखी आहे. तुझी मागची खोली रिकामी झाली असं तू म्हणाली होतीस. ती भाड्यानं देऊ नकोस.

तुझं ऋण फेडावं म्हणून लिहीत नाही, वाढवावं म्हणून लिहितो आहे. रंगू भाकऱ्या झकास करते. तिला भाकऱ्या करायला बसवू नकोस. ती आपणहून उठेल, तरी उठू देऊ नकोस.

सोमवारी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं येतो. नाही म्हणायचं असेल तर मला दारात म्हण, तिच्यासमोर नको. पण तू म्हणणार नाहीस, म्हणून मी तिचं नाव घालायला लागणारे कागद बरोबर आणतो आहे.

तुझा,
दत्ता