मागणीला आला कोबी

नाही हो, कोबीवर माझा राग नाही, पण माणसानं त्यात बुडून मरावं का? तुम्हाला सांगतो, डिसेंबर लागला, बागियोच्या डोंगरावरून भाजीचे ट्रक उतरायला लागले, की आमची बायको सालिंग टोपल्या घेऊन बाजारात! कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल... "अगं, एवढं?" "अहो, सीझन आहे! ताजं, स्वस्त, आणि डॉक्टरांनी तुमच्या शुगरला काय सांगितलंय?" झालं! चिंचेच्या रश्श्यात कोबी, नूडल्समध्ये कोबी, अंड्यात फ्लॉवर... आणि पोटातला वारा? परवा मिस्सात फादर म्हणाले, "क्षणभर शांत राहू या," आणि सगळं चर्च शांत राहिलं, मी सोडून! पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी क्रुसाची खूण केली हो!

अशात आमच्या पोरीला, लिगायाला, मागणी घालायला पाहुणे यायचे ठरले. मुलाकडच्यांनी खाणं घेऊन यायचं ही आमच्याकडची रीत, आणि मुलाचा बाप कोण? पोन्सो! अख्खं डुक्कर भाजून विकणारा पोन्सो! त्याच्या दुकानावरून जाताना माझी सायकल आपोआप हळू होते... म्हटलं, देवा, पावलास! मुलगा काय करतो, पितो का, काही विचारलं नाही मी. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मुलगी देऊन टाकली होती... त्या कुरकुरीत कातडीवर!

रविवारी दारात तीनचाकी थांबली. केळीच्या पानांनी झाकलेली ही एवढी पाटी, दोघांनी धरलेली! मी धावत जाऊन पानं उचलली... आणि खाली कोण? कोबी! शेजारी फ्लॉवर! कडेनं ब्रोकोलीची नक्षी!

पोरगा, रोदेल, लाजत म्हणतो, "काका, लिगायाला विचारलं होतं, तुम्हाला काय आवडतं. म्हणाली, बाबा रोज कोबीच खातात, ताटात काही ठेवत नाहीत." ठेवीन कसा? समोर सालिंग बसलेली असते! वर पोन्सो म्हणतो, "डुक्कर काय, आमचं रोजचंच. तुमच्यासाठी मुद्दाम हे..." रोजचंच! ऐकलंत? रोजचंच!

सालिंगच्या डोळ्यांत पाणी. "असा जावई शोधून मिळेल का? सीझन कळतो त्याला!" मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरीकडे लक्ष गेलं. श्वास रोखून बघत होती हो माझ्याकडे... काय करता? म्हटलं, "वा! अगदी आवडीचं आणलंत!" सालिंगनं लगेच लसणीवर परतून आणलं, आणि मी पोरीच्या देखत दोन वाट्या खाल्ल्या. हसली. जीव भांड्यात पडला तिचा... माझा वाटीतच राहिला.

लग्न पुढच्या डिसेंबरात ठरलं. का म्हणून काय विचारता? सीझन! मी हळूच म्हटलं, "निदान पंगतीला पोन्सोचं एखादं डुक्कर..." तर सालिंग म्हणते कशी, "अहो, डुक्कर काय, बारा महिने मिळतं. त्याची काय घाई?"