पाच किलो लिहिलेली चकती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, या प्रस्तरारोहण केंद्राचे मुख्य प्रशिक्षक, व्यासपीठावरचे कार्यकारिणीचे सभासद, लांबचा प्रवास करून आलेल्या प्रमुख पाहुण्या, आणि समोर बसलेल्या, भिंतीवर चढणाऱ्या व चढणाऱ्यांचा दोर खालून धरणाऱ्या सर्व मंडळींनो,

निवेदकांनी माझी ओळख ‘सत्कारमूर्तींच्या सासूबाई’ अशी करून दिली. ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. मी बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे, गोदामातली वजनं, पेट्रोल पंपावरची मापं तपासणं हे माझं काम. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. मला इथे दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत आभार मानता येतात. मला जे सांगायचंय त्याला थोडे जास्त लागतील. अध्यक्षांनी मधूनमधून घड्याळाकडे पाहिलं तरी माझी हरकत नाही.

सूनबाईंचा आज सत्कार होतोय याचा मला आनंद आहे. एकेचाळिसाव्या वर्षी तिनं तीनशे मीटरचा उभा कडा दोन दिवसांत चढून दाखवला. तुम्ही सगळे तिला ‘चिमटी’ म्हणता. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, मुंगीएवढे स्क्रू चिमटीत धरून बसवते, म्हणून हे नाव. आम्हीही आता घरात तेच म्हणतो. तर, आमच्या चिमटीचं कौतुक ऐकायला मी पहिल्या रांगेत येऊन बसले, आणि मागचा हा फलक वाचला. ‘केंद्राच्या शिस्तबद्ध प्रशिक्षणाचं फळ.’ तुम्हीही वाचला असेल. अक्षरं चांगली मोठी आहेत.

कसलं प्रशिक्षण? कुठलं फळ?

रागावू नका. निदान माझ्याआधी रागावू नका.

तीन वर्षांपूर्वी चिमटी याच इमारतीत, त्या कोपऱ्यातल्या हँगबोर्डला लटकत होती. पाहुण्यांसाठी सांगते, हँगबोर्ड म्हणजे खाचा पाडलेली लाकडी फळी. खाचेत बोटांचं पहिलं पेर जेमतेम मावतं. तेवढ्यावर सगळं अंग तोलून लोंबकळायचं आणि बोटं बळकट करायची. त्या दिवशी कमरेला पट्टा बांधून दोन लोखंडी चकत्याही अडकवायला सांगितल्या होत्या. पाच आणि पाच, दहा किलो. पाचव्या सेकंदाला तिच्या अनामिकेतून ‘टक्’ असा आवाज आला. बाजूच्यांनाही ऐकू आला म्हणे.

बोटातली शीर हाडाशी धरून ठेवणारी पट्टी अर्धवट फाटली होती. प्रशिक्षक काय म्हणाले? “वयोमानानं होतं असं. आता जरा हलकाफुलका छंद बघा.”

अडतीस वर्षांच्या बाईला! हलकाफुलका छंद! आणि दुकानात काय झालं ते तर कुणी विचारलंच नाही. बोटाला पट्टी बांधल्यावर स्क्रू कसा धरणार? मालकानं तिला गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायच्या कामाला लावलं. अठरा वर्षं जी बाई दुकानातलं सगळ्यात नाजूक काम करत होती ती मखमलीच्या फडक्यानं काचा पुसत उभी राहिली. घरी येऊन ती भांडी फार जोरात ठेवायची.

मग दोन महिन्यांनी माझा मुलगा एक फळी घेऊन आला. तो वायरमन आहे, भिंतीला भोक पाडायला त्याला निमित्तच लागतं. स्वयंपाकघराच्या दारावरच्या तुळईत त्यानं ती फळी ठोकली. सिमेंटची सगळी धूळ माझ्या मळलेल्या पिठात. मी कडाडले. म्हटलं, “एकदा मोडलंय ना बोट? आता काय दारात टांगून घेणार आहेस का स्वतःला?”

ती म्हणाली, “आई, मोडलं म्हणूनच. फिजिओथेरपिस्टनं लिहून दिलंय. पाय स्टुलावर ठेवायचे, हातांवर निम्माच भार घ्यायचा. सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं, असं सहा वेळा. आठवड्यातून दोनच दिवस. तुम्ही फक्त सेकंद मोजाल का?”

आता मला मोजायला सांगितल्यावर मी नाही म्हणेन का?

अशी सुरुवात झाली. मी खुर्ची टाकून बसायची, हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर वही. पाच सेकंदांचे सात म्हटले नाहीत, आठाचेही सात म्हटले नाहीत. एखाद्या दिवशी तिला जोर यायचा, “आज आणखी एक करते.” मी म्हणायची, “कागदावर सहा आहेत.” फिजिओथेरपिस्ट मुलीनं बजावलं होतं की दंडात जोर महिन्या-दोन महिन्यांत येतो, पण बोटातल्या शिरा-पट्ट्या फार सावकाश तयार होतात, त्यांना घाई चालत नाही. पहिले तीन महिने स्टूल होतं. मग स्टूल गेलं. मग कमरेला पाण्याचा कॅन आला. एक लिटर, दोन लिटर, असं वाढवत नेलं. कॅनचं वजन धरून हिशेब. आमच्याकडे यायचं तर त्या दारातून यायला लागतं, त्यामुळे आल्यागेल्याला कमरेला कॅन बांधलेल्या सूनबाईंच्या शेजारून वाकून जावं लागायचं. शेजारीण एकदा म्हणाली, “काय चाललंय हे?” मी म्हटलं, “थांब, चौथा सेकंद आहे.”

चौदा महिन्यांनी ती कमरेला पंधरा किलो बांधून बारा सेकंद टिकायला लागली. बोट दुखत नव्हतं. दुकानातले स्क्रूही परत तिच्याकडे आले होते.

कडे चढायला जाणाऱ्या केंद्राच्या तुकडीत यायचं तर चाचणी होती. पंधरा किलो, वीस मिलिमीटरची खाच, दहा सेकंद. ती आठव्या सेकंदाला सुटली. चार महिन्यांनी पुन्हा दिली, साडेआठ. प्रशिक्षक हसून म्हणाले, “घरच्या फळीवर सगळेच शूर असतात.” आणि नियमाप्रमाणे नापासांची यादी सेकंदांसकट दर्शनी फलकावर लागली. येणारा-जाणारा ती वाचायचा.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी तिला म्हटलं, “पुरे झालं आता. घरी जमतं आणि तिथं जमत नाही, म्हणजे तुझ्या मनातच भीती आहे.”

बत्तीस वर्षं मी कुणाचा छापलेला आकडा मानला नाही. वजन हातात घेतल्याशिवाय सही केली नाही. आणि घरच्या माणसाच्या हातांवर अविश्वास दाखवून परक्या लोखंडावर विश्वास ठेवला!

ती रागावली नाही. विचार करत म्हणाली, “आई, भीती नाही वाटत. तिथं जड वाटतं.”

जड वाटतं. दोन शब्द. मंडळी, अख्ख्या नोकरीत तक्रारदार माझ्याकडे येऊन याहून निराळं काही बोलले नव्हते. हलकं वाटतं, जड वाटतं. माणसाच्या हाताला कळतं.

दुसऱ्या सकाळी मी माझा जुना ताणकाटा काढला. ओळखीच्या किराणा दुकानात प्रमाणित वजनांवर आधी तो तपासून घेतला, कारण काट्याचाही भरवसा धरू नये. मग इथे आले आणि तुमच्या तिन्ही चकत्या एकेक करून टांगल्या. प्रत्येकीवर ठळक ‘पाच’ ओतलेलं. पहिली सहा किलो शंभर ग्रॅम. दुसरी बरोबर सहा. तिसरी सहा किलो दीडशे. तीन मिळून सव्वाअठरा किलो!

प्रशिक्षक म्हणाले, “अहो आजी, आकडा छापलेला आहे. मी काय घरी लोखंड वितळवून ओतलं?”

मी त्यांची आजी नव्हे, हे जाता जाता सांगते. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांनी ओतलं नव्हतं. कुणी तरी स्वस्तातल्या चकत्या आणल्या आणि सहा वर्षं त्या तशाच टांगल्या गेल्या. इथपर्यंत मी याला चूक म्हणते. चुका माझ्या हातूनही झाल्यात.

पण पुढे काय झालं? अध्यक्ष महोदयांनी मला खोलीत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “बाई, तुमचे उपकार झाले. चकत्या बदलतो. सूनबाईंची चाचणी पुन्हा घेतो. विषय इथेच मिटवू या.”

चकत्या बदलल्या. चिमटी चौदा सेकंद टिकली, तुकडीत गेली, कडा चढली. आणि विषय मिटला. कुणाचा मिटला?

निकालांचा तो दर्शनी फलक मी इथे येईन तेव्हा वहीत उतरवून घेत होते. दिसेल ते टिपून ठेवायची माझी सवय आहे. सहा वर्षांच्या जुन्या याद्या फलकाच्या मागेच अडकवलेल्या होत्या, त्याही काढून पाहिल्या. जे तीन-चार सेकंदांत सुटले त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सात सेकंदांच्या वर टिकून नापास ठरलेली, म्हणजे खऱ्या पंधरा किलोवर पास झाली असती अशी, चिमटी धरून एकोणीस माणसं आहेत. एकोणीस! चिमटी सोडून बाकी अठरा जणांपैकी एकालाही या केंद्रानं कळवलं नाही. मी तीन पत्रं दिली. पहिल्याला उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे.’ दुसऱ्याला आलं नाही. तिसऱ्याला उत्तर म्हणून या सत्काराचं निमंत्रण आलं.

मी काय समजायचं? मानचिन्ह घ्या आणि गप्प बसा? अहो, दुकानदार निदान चहा तरी विचारायचे!

त्या अठरांपैकी एक बाई मला सापडल्या. त्या शहर बस चालवतात. आज सकाळी पाळी संपवून, गणवेशातच आमच्याकडे आल्या. चार वर्षांपूर्वी त्या इथे नऊ सेकंद टिकल्या होत्या. त्यानंतर त्यांनी चढणं सोडलं. मी त्यांना चकत्यांचं सगळं सांगितलं. त्या दारावरच्या फळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एकदा लटकून बघू?”

चिमटीनं कॅन भरला, पट्टा बांधून दिला. मी घड्याळ लावलं.

त्या चार सेकंद टिकल्या.

माझी फार इच्छा होती की बारा म्हणावं. पण चार म्हटलं. चार वर्षं जो हात स्टेअरिंगशिवाय कशालाच लोंबकळला नाही त्याचं काय राहणार? त्या खाली बसल्या. तळहात मांडीवर पालथे ठेवून, बोटांकडे बघत म्हणाल्या, “मावशी, तेव्हा मी पास होते ना?”

नऊ सेकंद, सव्वाअठरा किलोवर. मी मनात दोनदा मांडून पाहिलं आणि म्हटलं, “होय. पास होतात.”

“घरी सगळ्यांना मीच सांगितलं होतं, की माझ्यात तेवढा जोर नाही. मुलीलाही सांगितलं. ती भिंतीला हात लावायला तयार नाही आता. म्हणते, आपल्या घरात नाही जोर.” मग म्हणाल्या, “ते जरा लिहून द्याल का?”

मी लिहून दिलं. चाचणीचा दिवस, सांगितलेलं वजन, खरं वजन, टिकलेले सेकंद, आणि खाली निकाल. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी सही केली. त्यांनी कागदाची घडी घातली, गणवेशाच्या खिशात ठेवली, वर बटण लावलं आणि निघाल्या.

माझ्या सहीला आता कायद्यानं काही किंमत नाही. तुमच्या सहीला आहे. तुमच्याकडे शिक्का आहे, छापील कागद आहे, सगळ्यांचे पत्तेही आहेत. चिमटीनं मला सांगून ठेवलंय की त्या अठरा जणांना खरा निकाल कळवणारी पत्रं जाईपर्यंत मानचिन्ह टेबलावरच राहू द्या, ती नंतर येऊन घेईल. उठून हे बोलायला ती लाजते, म्हणून मी बोलले.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आयोजकांनी मध्येच माइक बंद केला नाही, प्रमुख पाहुण्यांनी खुर्ची पुढे ओढून ऐकलं, आणि तुम्ही सगळे इतका वेळ शांत बसलात, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, एखादा शब्द तिखट गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आकड्यांत मात्र कुठे चूक निघाली तर पोटात घालू नका. इथेच, सगळ्यांसमोर सांगा. मी बसते.