डावीकडे पाहणारे सिंह

मोहाडीच्या तहसील कार्यालयात दाखल्यासाठी शकुन बाकावर बसली होती आणि शेजारी दोघीजणी बोलत होत्या. त्यातल्या गिरजाबाईचा नवरा गेलेला, पोरीचं लग्न महिन्यावर आलेलं, एवढा हिशेब शकुनच्या कानांनी केव्हाच लावला होता.

“फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले म्हणे, गिरजाबाई?”

“तेच तर नडलं. गवंड्याजवळ साचा एकच, दुर्गेच्या सिंहाचा. दोघायचंही तोंड डावीकडे.”

“मंग?”

“डावीकडे भाऊजीचं घर. म्हणे, वहिनीनं माह्यावर गुरकावाले बसवले. बोलणंच टाकलं.”

“अन् कन्यादान?”

“त्यायच्याशिवाय हाये कोण कराले?”

“नोटेवरच्यावानी बसवाचे, बाई. चारी बाजूले तोंडं, कोणाले राग नाही.”

“त्या गवंड्याले एक तोंड जमत नाही. मिशा पाहा त्या सिंहाच्या, थेट आमच्या गावच्या कोतवालाच्या.”

शकुनचा नंबर पुकारला. तिने मागच्या बाईला पुढे सोडलं.

“मंग भाऊजीनं का केलं?”

“त्याच गवंड्याले बोलावलं. आपल्याही फाटकावर दोन बसवून घेतले, माह्या घराकडे पाहाले.”

“साचा तोच?”

“तोच.”

“म्हणजे तेही डावीकडेच पाहून राहिले?”

“काल माह्या फाटकात येऊन उभे राहिले. लय वेळ आपलेच सिंह पाहत होते. मंग म्हणतेत, ‘वहिनी, तुमच्याकडून तं नुसत्या शेपट्या दिसतेत.’”

“अन् तू का म्हटलं?”

“म्हटलं, चहात साखर किती टाकू?”