फळ्यावर लिहिलंय ना!

...नाही, पण मला सांगा, एवढा मोठा फळा, एवढं ठसठशीत अक्षर, आणि तरी लोक चौकीच्या खिडकीत डोकं खुपसून विचारणार, 'काका, धारेवरची वाट कशी आहे हो?' अरे, फळ्यावर लिहिलंय ना! बर्फ आहे, वाट निसरडी, जाऊ नये! डोंगराच्या पायथ्याशी अठरा वर्षं मी दुसरं केलं काय? दर सोमवारी वर जायचं, वाट बघून यायची आणि फळा लिहायचा, एवढीच माझी नोकरी. आता वर जायचं म्हणजे... तुम्हाला सांगतो, चार तासांची चढण, घोट्याघोट्यापर्यंत चिखल, आणि चौकीत दुर्बीण आहे की! खिडकीतून डोळ्याला लावली की डोंगराची धार अशी समोर! बाकीचा बर्फ वितळायचा, पण धारेच्या खांद्यावरचा एक पांढरा पट्टा, काय हट्टी म्हणता! अख्खा वसंत जागचा हलायचा नाही. मग मी काय लिहिणार? बर्फ!

बायको दरवर्षी विचारायची, 'अहो, यंदा जाऊया का धारेवर? ताई म्हणते, वसंतात वर नुसती फुलंच फुलं असतात.' ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी, तिला काय कळतंय डोंगरातलं? मी म्हणायचो, 'फळ्यावर लिहिलंय ना!' की विषय संपला. पहिल्याच वर्षी हौसेनं बूट आणले होते हो तिनं. दर वसंतात बाहेर काढायची, पुसायची, परत खोक्यात. पुढं तो पट्टा गेला की मी लिहायचो, 'वाट खुली'. तर म्हणायची, 'आता काय उपयोग? फुलं झडली असतील.' बघा, इथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडावा की नाही? नाही पडला!

कधी चार उनाड पोरं फळ्याला न जुमानता वर जायची, चिखलानं माखून परत यायची, 'अहो काका, वर काय सुंदर...' पुढं बोलू देईन तर ना! 'वाचता येत नाही? फळ्यावर लिहिलंय ना!'

यंदा वरिष्ठ म्हणून नव्या मॅडम आल्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, 'तुम्ही स्वतः वर शेवटचे कधी गेलात?' मी म्हटलं, 'तसं... जाणं-येणं असतंच.' म्हणाल्या, 'उद्या जा.'

गेलो! धापा टाकत, दोनदा बुडावर घसरत, स्वतःच्या नावानं बोटं मोडत! सावलीतल्या घळीत हातभर बर्फ होता, बस्स, तेवढाच. एका ढांगेत पार. आणि वर त्या पांढऱ्या पट्ट्यापाशी पोचलो, काठी बर्फात खुपसली, तर... बर्फातून मधमाशी उठली! फुलं हो! झुडपंच्या झुडपं, पांढरीशुभ्र, दाट! म्हणजे अठरा वसंत मी फुलं आहेत म्हणून वाट बंद ठेवली, आणि फुलं झडली की उघडली!

ते खोक्यातले बूट आठवले. गेल्या थंडीतच डॉक्टरांनी हिचे गुडघे दाबून सांगितलं होतं, 'जिनासुद्धा जपून चढा, डोंगर तर विसराच.' रडलो हो, खोटं कशाला सांगू.

एक डहाळी घेऊन घरी आलो, सगळं कबूल केलं. वाटलं, आता भांडेल, आदळआपट करेल... बरं वाटलं असतं! हिनं डहाळी पेल्यात ठेवली आणि भाजी चिरायला बसली.

पण रविवारी आली चौकीवर. माझा हात धरून, सावकाश, आणि पायात ते बूट! बाहेर फळ्यावर ताजं लिहिलेलं, 'वाट खुली. धारेवर फुलं.' तिकडं हिनं बघितलंसुद्धा नाही. खिडकीशी बसली, दुर्बीण डोळ्याला लावली, बराच वेळ लावली. मी आपला भीत भीत विचारतो, 'दिसली का गं फुलं?'

दुर्बीण न काढता म्हणते, 'कसली फुलं? बर्फ आहे तो. अठरा वर्षं फळ्यावर लिहिलंय ना!'