तिवसाची मूठ

(आंजी मोठी गावातलं घर. पोळ्याआधीची दुपार. जंगलू पडवीत बसून कोरायच्या चाकूला मूठ बसवतोय. समोर त्याची विधवा सून, रुपा.)

रुपा : मामाजी, पुन्हा काढलं पातं? सकाळी तं बसवलं होतं!

जंगलू : हलून राह्यलं होतं.

रुपा : कुठं हलत होतं? म्या सोता ओढून पाह्यलं. वर्ध्याहून दुकानवाल्या हेमराजभाऊचे दोन फोन झाले. तान्ह्या पोळ्याले लेकरायसाठी वीस लाकडी नंदी पाह्यजे त्यायले. मी काय नखानं कोरू?

जंगलू : मले आवाज येते वं. खुट-खुट. मूठ हातात नसली तरी येते. जेवतानाबी.

रुपा : तीन वर्षं झाले तुमच्या लेकाले जाऊन. आता तरी चाकू माह्या हाती द्या.

जंगलू : तेच तं भेव वाटते. दुर्गेशनंबी नंदी असाच मांडीवर धरला होता. पातं मुठीतून निसटलं अन् मांडीत घुसलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेईपावतर रगत थांबलं नाई.

रुपा : मले काऊन सांगता? गाडीत त्यायचं डोकं माह्याच हातात होतं.

जंगलू : गावाले म्या सांगतलं, पोट्टा बेफिकीर होता. खोटं सांगतलं. थे मूठ म्या केलती, रुपा. पोळ्याची घाई होती. लाकूड वर्षभर सुकवा लागते, म्या ओलंच घेतलं. सुकता सुकता तडकलं अन् पातं ढिलं झालं. मीच मारलं त्याले.

रुपा : माहीत हाय मले.

जंगलू : काय माहीत हाय?

रुपा : त्या दिवशी मूठ म्याच उचलली. उभी तडकली होती. चुलीत घातली. लोकायनं पाह्यली असती तं तुमाले जगू देलं नसतं.

जंगलू : अन् तीन वर्षं मले भाकर वाढली तू?

रुपा : पहिल्या वर्षी तुमच्या तोंडाकडे पाह्यत नव्हती मी. भल्ला राग होता. अजूनबी हाय थोडा.

जंगलू : हे तिवसाचं लाकूड त्याच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तोडलं म्या. तवापासून आढ्याले बांधून सुकवलं. तरी भरोसा नाई येत.

रुपा : बसवा पातं. माह्यासमोर बसवा.

जंगलू : थांब, पातं चिकटवाची लाख वितळू दे... आता थंड झाली. घे. जोर लावून ओढ.

रुपा : नाई हलत.

जंगलू : मले अजून ऐकू येते.

रुपा : मलेबी येते, मामाजी. द्या इकडे.

जंगलू : अन् उद्या पातं हललं तं?

रुपा : तं तुमच्यापाशीच आणीन. दुसऱ्या कोनापाशी नाई.