मैदानाचे चार खांब

(मध्य जावातलं एक गाव. ओसरीवर तेंपे विकणारे मार्तोयो आणि त्यांची मुलगी सेकार शिजवलेलं सोयाबीन केळीच्या पानांत बांधत बसले आहेत.)

सेकार : चार खांब? बापाक, चार? आणि वर दिवेसुद्धा?

मार्तोयो : हळू बोल, न्दुक, पोरी. शेजारीण ऐकेल.

सेकार : तिनं काय ऐकायचं राहिलंय आता! शुक्रवारी मशिदीच्या भोंग्यावरून अख्ख्या गावानं ऐकलं. आपली आंतरराष्ट्रीय फुटबॉल रेफरी सेकार मैदानाला दिव्यांचे चार खांब देणार! मीच तेवढी ऐकायची राहिले होते.

मार्तोयो : मी नव्हतं सांगितलं. पाक लुराह आपल्या मनानंच बोलून गेले.

सेकार : गावचे प्रमुख झाले म्हणून काय दुसऱ्याच्या खिशातलं दान जाहीर करायचं? आणि तुम्ही कुठे होता तेव्हा?

मार्तोयो : पुढच्या रांगेत.

सेकार : मग?

मार्तोयो : मग काय. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. हात मिळवायला लागले. मी जरा हसलो.

सेकार : हसलात!

मार्तोयो : अगं, जन्मभर तेंपेवाला मार्तो म्हणून हाक मारली लोकांनी. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सेकारचे बापाक म्हणालं. तोंडातून नाही कसं निघणार होतं माझ्या?

सेकार : पान द्या इकडं. फाटकं नको.

मार्तोयो : पण खरंच नाहीत तेवढे पैसे मिळत? फोनवर दाखवत होती पोरं. वर्ल्ड कपच्या रेफरीला म्हणे इतके डॉलर, की नवीकोरी गाडी दारात उभी राहील.

सेकार : ते पार वरचे, बोटावर मोजण्याइतके. मी जाते सतरा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यांना. विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली, रोजचा भत्ता, आणि सामन्याचं मानधन.

मार्तोयो : किती पण ते? तू कधी सांगितलंच नाहीस.

सेकार : तुम्ही कधी विचारलंच नाहीत. बाजारात एक शेळी येईल तेवढं. बारकी.

मार्तोयो : एक शेळी?

सेकार : तीही वर्षातून चार-पाच वेळा. आपल्या लीगचे पैसे तर सामना होऊन कित्येक महिने झाले तरी येत नाहीत. शाळेत खेळ शिकवते म्हणून माझं चाललंय. आता बूट घेतले, त्यात अर्धी शेळी गेली.

मार्तोयो : आणि मला वाटायचं, तू बँकेत साठवतेयस.

सेकार : गुडघ्यात वात साठवतेय, बापाक. दुसरं काही नाही.

गिमान : अस्सलाम अलेकुम! आहात ना घरात, पाक मार्तो?

मार्तोयो : वालेकुम सलाम. या, पाक लुराह. आत्ता तुमचंच चाललं होतं.

गिमान : चांगलंच बोलत असाल! वा, आमची सेकारपण इथंच. कामच झालं. रविवारी आपल्या गावकपची फायनल आहे, माहितीये ना? शिट्टी तुझी.

सेकार : नाही जमणार, पाक लुराह.

गिमान : ऐक तर. समोर वरच्या अंगाचं गाव आहे. मागच्या वर्षी रेफरीला भाताच्या खाचरात लोटलं होतं त्यांनी. तुझ्या छातीवरचा तो आंतरराष्ट्रीय रेफरीचा बिल्ला दिसला, की मुकाट खेळतील. आणि फुकट नाही हं. मैदानाच्या मधोमध, सगळ्यांसमोर पाकीट. चांगलं जाडजूड. ही घे चिठ्ठी, रक्कम लिहून आणलीय.

मार्तोयो : बघू. अगं सेकार... ह्यात तर पाच शेळ्या येतील.

गिमान : शेळ्या कुठून आल्या मधेच?

मार्तोयो : काही नाही. आमचा घरचा हिशेब आहे.

सेकार : बिल्ला असलेल्यानं गावकपमध्ये शिट्टी मारली, की बिल्ला काढून घेतात. तसा नियमच आहे.

गिमान : कोण जातंय सांगायला? आपलंच गाव.

सेकार : दोन हजार माणसं येतील, म्हणजे दोन हजार फोन. मी मैदानातून बाहेर यायच्या आत जाकार्तातल्या फुटबॉल संघटनेला कळलेलं असेल. आणि सोमवारी सोलो शहरात माझी रेफरीची धावायची परीक्षा आहे. एक फेरी चुकली तरी वर्ष गेलं. रविवारी तुमच्या चिखलात पाय मोडून घेऊ?

गिमान : बरं, राहू दे फायनल. पण मग खांबांचं काय? लोक मला विचारतायत.

सेकार : लोकांना सांगा, की तुम्ही न विचारता बोललात.

गिमान : असं कसं सांगू? माझी काय अब्रू राहील? आणि तुझ्या बापाकची? चारचौघांत हात मिळवलेत त्यांनी.

मार्तोयो : तेही खरंच आहे, न्दुक. एकच सामना. पाकीट घेऊ, दोन खांब तरी उभे करू...

सेकार : बापाक, तुम्हीसुद्धा?

मार्तोयो : तिकडं एक शेळी मिळते, इकडं पाच मिळतायत. मी अडाणी माणूस. मला सांग, एकासाठी पाच कुणी सोडतं का?

सेकार : मी सोडते. पहाटे तुम्ही सोयाबीन शिजवत असता, तेव्हा मी बांधावर धावत असते. कशासाठी? हनोईत माझी चप्पल तुटली होती, तर शेजारच्या खोलीतल्या रेफरीची घालून फिरले मी. लाज वाटली हो. पण संध्याकाळी मैदानात हात वर केला आणि बावीस मुली जागच्या जागी थांबल्या. दोन देशांचे मोठे मोठे साहेब बाकावरून उठून ओरडत होते. मी म्हटलं, खाली बसा. बसले! मला ते हवंय, बापाक. पुढे पुरुषांच्या सामन्यातसुद्धा मधोमध मीच उभी राहणार आहे. तिथे मिळतील ते डॉलर. नाही मिळाले, तर हीच शेळी. पण बिल्ला मी कुणाला देणार नाही.

गिमान : बोलते छान पोरगी.

मार्तोयो : पाक लुराह, रविवारी किती वाजता सामना?

सेकार : बापाक!

मार्तोयो : मी विचारतोय, किती वाजता?

गिमान : तीनला. का?

मार्तोयो : शिट्टी मी मारतो.

गिमान : तुम्ही? धावणार कसे तुम्ही?

मार्तोयो : चालेन. ह्याच मैदानावर तरुणपणी एक कोंबडा आणि लवंगेच्या सिगारेटचं पाकीट एवढ्यावर शिट्टी मारलीय मी. खाचरात लोटलं, तर पोहता येतं मला. आणि ते जाडजूड पाकीट खांबांना जाऊ दे. निघेल त्यात एखादा.

सेकार : गुडघे बघा आधी स्वतःचे.

मार्तोयो : तू तुझे बघ. सोमवारी तुला धावायचंय.

गिमान : आणि उरलेल्या तीन खांबांचं? शुक्रवारी भोंग्यावर काय सांगू मी लोकांना?

मार्तोयो : तुम्ही नका सांगू. मीच सांगतो. मीच हसलो होतो ना पुढच्या रांगेत बसून.

गिमान : काय सांगणार पण?

मार्तोयो : जे आहे ते. माझ्या मुलीला एका सामन्याला एक शेळी मिळते.

सेकार : बारकी, बापाक.

मार्तोयो : बारकी. आणि तरीही ती जाते, हेही सांगतो.