खारफुटीला गोडं पाणी

हसू नका, पण रायपूरमध्ये बसून मी समुद्राकाठची खारफुटी वाढवली आहे. इथल्याच नव्या राजधानीतल्या एका सरकारी ऑफिसने कोकणातल्या एका गावासाठी आमच्या नर्सरीला ही रोपं सांगितली होती. भरतीने त्या गावाचा बांध फुटला होता आणि त्याच्यापुढे ती लावायची होती.

गावातले एक काका फोनवर म्हणाले, "शेवटी शेवटी पाण्यात थोडंथोडं मीठ वाढवत जा. सवय लागते." मी हो म्हटलं. घरून मिठाची पिशवी घेऊन निघालो, तर आई ओरडली, "काहून रे पोट्ट्या, जित्या झाडाले मीठ घालून राहिला?"

माझंही मन होईना. रोज बोअरचं गोडं पाणी घातलं. रोपं अशी तरारली की नर्सरीचे शेठ म्हणाले, "वाह भैया, कमाल कर दी!"

तिकडे लावल्यावर आठवड्यात सगळी काळी पडली. काकांचा फोन आला, "मीठ घातलं होतंस ना?"

"नाही काका. मले वाटलं, मरतील. गोडं पाणीच दिलं."

काका म्हणाले, "बांध फुटल्यापासून आमच्या विहिरी खाऱ्या झाल्यात रे. पोरांना प्यायलासुद्धा गोडं पाणी नाही."